मामाच्या फोनवरचं कोरं पान

मामा गेल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही ऑफिसात तो वापरायचा त्याच लायब्ररीच्या वेबसाइटवरून वाद घालत होतो. म्हणजे माझा सहकारी रोहन वाद घालत होता, मी ऐकत होते. मी फोन उलटा ठेवला आणि मीटिंग संपेपर्यंत बसून राहिले. का, ते मला अजून कळलेलं नाही...

मामा कळवणला शिक्षक होता. दृष्टी हळूहळू गेली, नोकरी सुटली, वाचन मात्र सुटलं नाही. नाशिकच्या एका छोट्या लायब्ररीची बोलकी पुस्तकं तो फोनवर ऐकायचा. पडद्यावर असेल ते फोन त्याला वाचून दाखवायचा. लग्नकार्यात मी त्याच्याशेजारी जाऊन बसायचे, कारण ‘इंग्लिश मीडियमवाली, बोल की काहीतरी’ असं न म्हणणारा तो एकटाच. आम्ही दोघं गप्प बसायचो. जिलबी आली की तो हळूच म्हणायचा, “दोन घे, एक माझ्या नावावर.”

लायब्ररीच्या नव्या साइटचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी पहिल्यांदा आपणहून त्याला फोन केला आणि नवं पान उघडून बघायला सांगितलं. आमचं पान आधी रिकामं उघडायचं, मग फोनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, उतरायची आणि ती पुस्तकांची यादी भरायची. नाशिकात हे जाणवतही नाही. कळवणला मामाच्या घरात रेंज येऊन-जाऊन असते.

“पोरी, पान कोरं हाय.”

“थांब मामा, भरतंय.”

“मी थांबतो गं. पण हे बोलणारं बेणं म्हणतंय, इथं काही नाय. कोणाचं ऐकू?”

मी स्क्रिप्ट काढूनच टाकली. साधी यादी, साध्या लिंक. वाटलं, खूश होईल. तर पुढच्या आठवड्यात त्याची तक्रार. आधीचं पान एकदा भरलं, की पुस्तकाचं नाव टाकल्यावर किती पुस्तकं सापडली ते आपोआप सांगायचं. आता दर वेळी अख्खं पान वरपासून ऐकावं लागत होतं. “ते लय बरं होतं. का काढलंस?”

ते सांगायचं काम स्क्रिप्टच करत होती. मी विचारलं, “मग तुला नक्की काय हवंय?”

“मला काय इचारते? इंजिनियर तू हायेस.” आणि हसला.

उत्तर राहूनच गेलं. लायब्ररीची जुनी साइट बंद होणार आहे, मग सगळ्या वाचकांना आमचीच. आमचं चुकलं, तर नांदगावला, पेठला कुणाला तरी ‘इथं काही नाही’ एवढंच ऐकू येईल, आणि त्यांना ते खरं वाटेल. शेवटी मी यादी साधीच ठेवली, आणि किती पुस्तकं सापडली ते सांगण्यापुरती स्क्रिप्ट वरून जोडली. रोहन म्हणाला, “एकाच कामासाठी डबल मेहनत.” असेल. स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली तर काय, हे मलाही नीट ठाऊक नाही. इतर वाचकांना विचारायचंय, पण अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की माझा हात थांबतो.

गेल्या रविवारी कळवणला गेले, मामाच्या फोनवर पान उघडलं. आवाज सुरू झाला तो इतक्या भरधाव, की एक शब्द कळेना. मामाने लावून ठेवलेला तो वेग होता. यादी वाचली जातेय की पान कोरं आहे, काहीच समजेना. मी सेटिंग उघडून वेग कमी करणार, एवढ्यात मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “हात लावू नको त्या आवाजाला. दिवसभर असाच वाजायचा. मला कधी कळला नाय, पण घरात असायचा... तू ऐकायला शीक.”

मी बोट मागे घेतलं आणि पान पुन्हा वरपासून लावलं.