रशियन बुवांचा डावा हात

चहा घ्या, पण आधी कबूल करा की ही गोष्ट बाजारात जाणार नाही. अशी फजिती ऐकायला नशीब लागतं, आणि करून घ्यायला माझ्यासारखी अक्कल!

मी बऱ्हाणपूरचा कापडवाला. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं, उरलंसुरलं मोबाइलनं. आमच्या मंजूचं लग्न इंदुरात झालं आणि व्याही मिळाले अनंतराव. रिटायर्ड प्रोफेसर. घरात कपाटाएवढे स्पीकर. आणि शौक कशाचा? विलायती पियानोचा! पहिल्याच भेटीत विचारलं, "शेठ, सोनाटा ऐकता का कधी?"

मी मान अशी हलवली की हो पण नाही आणि ना पण नाही. घरी आलो आणि मोबाइलमध्ये शोधलं.

अहो, वेडच लागलं! सोनाटा म्हणजे पियानोवरची लांबलचक रचना. सूर सगळे आधीच लिहून ठेवलेले, तरी दर वादकाच्या हातून ती निराळीच निघते. सूत तेच, पण विणणारा बदलला की कापडाचा पोत बदलतो ना? अगदी तस्सं!

मी एकच सोनाटा धरला आणि दोन वादक. सकाळी तापीकाठी फिरताना कानात एक फ्रेंच बाई. दुपारी दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गाठीला टेकून, बॅटरीच्या स्पीकरवर एक म्हातारे रशियन बुवा.

बाई गोड, वाद नाही. पण बुवा? बाप रे! उजवा हात वर सूर सांडतोय आणि खालून डावा... खटक्-खट, खटक्-खट! दम म्हणून घेत नाही! हा माणूस कुठल्या चक्कीचं पीठ खातो, असं वाटायचं.

मागच्या महिन्यात इंदूरला गेलो आणि अनंतरावांसमोर ही सगळी तुलना मांडली. ते खुर्चीतून उठलेच. "क्या बात है! शेठ, आमच्या मंडळात इतकं बारीक कुणी बोललं नाही. पुढच्या बैठकीला व्याख्यान तुमचं!"

व्याख्यान! आठवी पास माणसाचं, प्रोफेसर लोकांसमोर! माझी छाती बंडीत मावेना.

"लावा तर बुवांना," ते म्हणाले. लावलं. उजवा हात आला... डावा गायब! म्हणजे होता, पण बिचारा मांजरीच्या पावलानं चाललेला.

आता व्यापारी माणूस माल परत घेतो का? मी म्हटलं, "अनंतराव, राग मानू नका. तुमच्या स्पीकरमध्ये खोट आहे."

त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मिस्तरी बोलावून त्यांनी ती दोन्ही कपाटं उघडली! खोट सापडेना. शेवटी फोन आला, "शेठ, मीच येतो तुमच्याकडे. डावा हात ऐकला की व्याख्यान पक्कं."

तोवर मी नवं जाकीट शिवायला टाकलं होतं आणि अर्ध्या बाजाराला बातमी सांगून झाली होती. माघार कशी घेणार?

आले. गोदामात गाठीवर चादर टाकून बसवलं, बुवांना लावलं. खटक्-खट, खटक्-खट! "बघा!" मी ओरडलो. "आला की नाही?"

अनंतराव माझ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे, परत माझ्याकडे. मग त्यांनी डोळे मिटले, रुमाल तोंडाशी धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला गहिवरून आलं. म्हटलं, रडवलं बुवांनी प्रोफेसरला!

"डावा हात, अनंतराव!"

"हो... हो... फार... मेहनती आहे."

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. बॅटरीवर बुवा वाजवतच होते, पण डावा हात? गप्प! एकदम गप्प! मी स्पीकरला दोन थापा मारल्या. "बॅटरी उतरली वाटतं! कमी बॅटरीत आधी डावा हात जातो."

तेवढ्यात आमची मंडळी चहा घेऊन आली. तिनं स्पीकरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "अहो, लाईट गेली. शेजारचे लूम बंद पडले. तुमचा पियानोवाला काय डाव्या हातानं लुंगी विणत होता का?"

अनंतरावांचा रुमाल पडला. हसून हसून ते गाठीवरून घसरले!

तुम्हीच सांगा, माझा काय दोष? पाळण्यात होतो तेव्हापासून त्या भिंतीपलीकडे पॉवरलूम चालू आहेत. आम्हाला काय वेगळे ऐकू येणार ते! तापीला पाणी दिसतं का?

मी गाठीला टेकलो आणि बुवांना पहिल्यांदाच नीट ऐकलं, एकट्यांना. बाईंपेक्षाही हळुवार निघाले हो! चहा तसाच निवत ठेवून आम्ही दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

मग लाईट आली. खटक्-खट, खटक्-खट! आणि माझा पाय, मेला, आपोआप ठेका धरायला लागला.

अनंतरावांनी डोळे पुसले. "शेठ, मग व्याख्यानाचं कसं करायचं?"

"करू की," मी म्हटलं. "फक्त एक लूम इंदूरला न्यावा लागेल."

ते पुन्हा हसत सुटले. मी मात्र हसलो नाही. मी टेम्पोवाल्याला फोन लावत होतो.