बसमध्ये वाजलेली पेटी

गडचिरोलीचं प्रशिक्षण संपलं तेव्हा आम्हा विज्ञान शिक्षकांना शाळेसाठी इलेक्ट्रॉनिक्स किटची एकेक पारदर्शक पेटी मिळाली. त्यात तारा, छोटे दिवे, बॅटऱ्या, बझर असं सामान होतं. मी टाकीच्या पाण्याचा गजर जोडला होता. दोन तारांची टोकं पाण्याला लागली की बझर वाजायचा. मुलांना दाखवायला तो तसाच पेटीत ठेवून मी धानोऱ्याकडची बस धरली.

जंगल लागलं, गाडी खड्ड्यांत आदळायला लागली, आणि वरच्या फळीवरून आवाज सुरू झाला. पीं... पीं...

"वायरा दिसून राह्यल्या त्याच्यात! बॉम्ब व्हय!" कुणीतरी ओरडलं.

करकचून ब्रेक लागला. माणसं एकमेकांवर पडत उतरली. मीही उतरले. पेटी माझी, बझर माझा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत ती पेटी उघडीच होती. कुणी त्यात दुसरंच काही ठेवलं असेल तर? हा विचार आला आणि मी गाडीपासून आणखी चार पावलं मागे सरकले.

"कोणाची पेटी व्हय?" कंडक्टरनी विचारलं.

"माझी. शाळेचं सामान आहे."

"मंग वाजून काऊन राह्यली, मॅडम?"

"गजर आहे आत," मी म्हणाले, पण दुसरं काही नाही असं छातीठोक सांगता येईना. ड्रायव्हर पोलिसांना फोन लावत होते, रेंज मिळत नव्हती. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "अवो, मले उतरवा कोणी! गुडघा धरला माहा!" माझ्या शेजारी बसलेली म्हातारी बाई आतच राहिली होती. कुणीच हललं नाही.

मी चढले. तिला उठवायला गेले, पण ती उठेना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पोरी, मले सोडून नको जाऊ."

मग पेटीच खाली घेतली. झाकणाची कडी दोनदा ओढली. शेवटी झाकण उघडलं. गजराच्या दोन तारांची टोकं धक्क्यांनी एकमेकींना चिकटली होती. दुसरं काही नव्हतं. मी बॅटरी ओढून काढली. आवाज थांबला आणि मी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

लोक बऱ्याच वेळानं परत चढले. "असं सामान गाडीत आणाचंच काऊन?" एक जण चिडून म्हणाला. ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं तारा पाण्यात बुडवल्या. पोरं टाळ्या पिटत होती, आणि मी पटकन दाराकडे सरकले होते.