महालक्ष्मीपुढची आगगाडी

घाटनांदूरला रेल्वे स्टेशन आहे, याचा आम्हाला लहानपणी भलता माज होता. बीड जिल्ह्यात तेव्हा रूळ म्हणजे परळीकडून आमच्या गावाला येणारा तेवढाच पट्टा. दिंद्रुडचे मावसभाऊ सुट्टीला आले की त्यांना पाणी विचारायच्या आत आम्ही स्टेशनावर न्यायचो आणि मालगाडी आमच्या वडिलांनीच बाजारातून दावं धरून आणली असावी अशा थाटात दाखवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला नावानं कमी आणि "बे" म्हणून जास्त हाक मारायचा.

इतर पोरांचं हे वेड मिसरूड फुटलं की जातं. आमचं गेलं नाही. दादा शेती बघायला लागला, मी गावातच मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं, दोघांची लग्नं झाली, तरी पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली की दोघांचीही मान एकाच दिशेला वळायची. बायका हसायच्या. हसू द्या म्हणायचो.

मग आम्ही गाडी बनवायला घेतली. विकतची खेळण्यातली नाही, आमच्या हातची. दादाचा हात लाकडावर बसलेला. फळांच्या खोक्याच्या फळ्या तासून तो असे डबे करायचा की खिडक्यांच्या गजांसकट सगळं जिथल्या तिथं. माझ्याकडं विजेचं खातं. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार, शिलाई मशीनच्या बॉबिन कापून केलेली चाकं, पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, त्याखाली बाभळीच्या काड्यांचे स्लीपर आणि रेडिओ सेलऐवजी विजेवर चालवायचा एलिमिनेटर. सिग्नलचा हात छत्रीच्या काडीचा होता. पहिल्यांदा गाडी जागची हलली तेव्हा दादानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की माझा श्वास अडकला.

पण घरात आमची माय होती. दोन कर्ते गडी पेरणीच्या दिवसांत ओसरीवर आडवे पडून फळीवरचं खेळणं ढकलतायत, हे तिच्या डोळ्यांना सहन होईना. "चुलीत घालीन एक दिस," असं ती रोज म्हणायची, आणि ती बोलल्याप्रमाणं करणारी बाई होती. तेव्हा दादाला युक्ती सुचली. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. कोठ्यांवर मुखवटे ठेवून, साड्या नेसवून उभ्या करायच्या आणि पुढं आरास मांडायची. धान्याच्या राशी, फराळाची ताटं, मातीची बैलं, बाहुल्या, जे असेल ते. दादा मायला म्हणाला, "माय, अवंदा लक्ष्मीपुढं आगगाडी फिरवू. सगळ्या गावात कुनाकडंच न्हाई."

त्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायका हलेनात. लक्ष्म्यांकडं पाठ करून गाडीच बघत बसल्या. मायनं वरकरणी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुढच्या वर्षी सण आठ दिवसांवर आला तशी तिनंच विचारलं, "तेल-पानी झालं का गाडीचं?" आमच्या भागात एक नेम आहे. लक्ष्मीपुढं एकदा जे मांडलं ते दरवर्षी मांडावं लागतं, त्यात खंड पाडता येत नाही. कुणाकडं चुकून एका वर्षी दूधपाण्याची खेळण्यातली विहीर मांडली गेली तर ती नातसुनेच्या हयातीतही मांडली जाते. आमची गाडी अशी मायच्या चुलीतून वाचली आणि देवाची झाली. आपण मोठी हुशारी केली असं आम्हाला वाटलं.

त्यानंतरची वर्षं मला फार प्रिय आहेत. गाडीला दरवर्षी काहीतरी नवं जोडायचं ठरलेलं होतं, आणि ते नवं खऱ्यासारखं पाहिजे म्हणून आम्ही जुनी रेल्वे बघत हिंडायचो. दादाची सासुरवाडी युसूफ वडगाव. सासुरवाडीला तोंड न दाखवणारा माणूस अचानक वरचेवर जायला लागला. सासऱ्याला वाटायचं, जावई किती मायाळू! खरा प्रकार असा की मोटारसायकलवर मला मागं बसवून तो वडगावात चहा प्यायचा आणि लगेच मुरूडच्या बाजूला सुटायचा, कारण तिकडून लातूर-कुर्डुवाडीची छोटी गाडी जायची. दोन रुळांत जेमतेम एका बैलाला उभं राहता येईल एवढी रुंदी. ती बंद होऊन तिथं मोठे रूळ पडणार असं कळलं, तेव्हा आम्ही एकदा तिच्यात बसूनही आलो. येडशीच्या पुढं चढाला ती इतकी हळू झाली की दादा उतरला, गाडीबरोबर चालत राहिला आणि खिडकीतून मला म्हणाला, "उतर बे, ढकलू जरा." डब्यातली माणसं पोट धरून हसली. एका स्टेशनात गाडी थांबली तशी त्यानं खांद्यावरचं उपरणं रुळांवर आडवं धरलं आणि रुंदीच्या मापाला गाठी मारल्या. टेप होता की माझ्या खिशात. पण त्याला गाठीच पटायच्या.

गाडी बंद झाल्यावरही आम्ही त्या वाटेवर जात राहिलो. रूळ उचललेले, खडी लोकांनी नेलेली, पण घडीव दगडाच्या मोऱ्या आणि लहान लहान पूल शाबूत. ओस पडलेल्या एका स्टेशनात तिकिटाची खिडकी तेवढी उरली होती. दादा आत गेला, खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "कुठलं पाह्यजे?" मी म्हणालो, "जाऊन-येऊन." एवढ्यावर दोघं कितीतरी वेळ हसत होतो. आता लिहिताना त्यात हसण्यासारखं काय होतं ते सांगता येत नाही.

वडील गेले, मागोमाग माय गेली, आणि वाटणीचा विषय निघाला. भांडण असं नव्हतं. पोरं मोठी झाली होती, घर पुरत नव्हतं. भावकीतली चार जाणती माणसं बसवून एका सकाळीतच सगळं उरकलं. राहतं घर माझ्याकडं आलं. दादानं रस्त्याकडेच्या शेतात घर बांधायचं ठरवलं. महालक्ष्म्यांचे मुखवटे रीतीप्रमाणं थोरल्याकडं. मग कुणीतरी सहज विचारलं, गाडीचं काय?

मी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. आम्हा दोघांपैकी कुणीही काही बोलायच्या आत आमची म्हातारी चुलती बोलली, "त्यात इचारायचं काय? गाडी लक्ष्मीपुढली हाय. लक्ष्मी जिथं, गाडी तिथं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. देवाच्या गोष्टीत 'अर्धी माझी' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? दादानं "दोघांची हाय, दोघं मिळून चालवू" असं म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तो खाली मान घालून उपरण्याचं टोक पिळत बसला. त्यालाही माझ्याकडून तेच ऐकायचं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला एवढंच दिसलं की गाडी गेली.

पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी रीतसर बोलावणं आलं. वैनी स्वतः कुंकू लावून सांगून गेल्या. मी गेलो. नव्या घरात लक्ष्म्या बसलेल्या, पुढं गाडी फिरत होती. वळणावर जरा अडखळत होती. रूळ तिथं किंचित वर आला होता, मला उंबऱ्यातूनच दिसलं. मी तसाच आत गेलो. पंगतीला बसलो, जेवलो, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून सांगितलं आणि निघालो. गिऱ्हाईक कुठलं आलंय सणाच्या दिवशी!

दुसऱ्या वर्षी गेलो तर गाडी उभी. दादा तिच्याजवळ उकिडवा बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "बंद पडली."

एवढंच. 'बघ बे जरा' म्हणाला असता तर मी शर्टाच्या बाह्या वर करून तिथंच फतकल मारली असती. पण नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, घेतली ना हौसेनं, आता सांभाळ. तोंडानं म्हणालो, "जुनं झालं की हुतंच तसं," आणि पाटावर जाऊन बसलो. आमच्या घराण्यात ताठा पिकतो, ज्वारी एखाद्या वर्षी दगा देईल.

मग तसाच पायंडा पडून गेला. दरवर्षी बोलावणं यायचं, दरवर्षी मी जायचो, दरवर्षी गाडी उभी. दादा म्हणायचा, "चालू न्हाई." मी म्हणायचो, "हं." बाकी बोलणं व्हायचं. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, पोरांच्या नोकऱ्या. एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जायचो. बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं की या दोघांत काही बिनसलंय, तर त्यानं वेड्यात काढलं असतं. फक्त रेल्वेचा विषय दोघंही टाळायचो, म्हणजे ज्या एका विषयावर आम्ही खरं बोलायचो तोच.

छंद मात्र सुटला नाही. मी एकटा जायचो. बीडच्या रेल्वेचं काम सुरू झालं तसा मी मधूनमधून तिकडं चक्कर मारायला लागलो. आयुष्यभर जुने रूळ शोधले, नवे पडताना कधी बघितले नव्हते. एका ठिकाणी पुलाचं काम चाललेलं होतं. शेजारी चहाची टपरी होती. मी बराच वेळ उभा राहून बघतोय हे पाहून टपरीवाला म्हणाला, "पावनं, घाटनांदूरचे का? मागल्या आठवड्यात तुमच्याच तोंडवळ्याचा एकजण येऊन गेलता. असाच उभा हुता. लई येळ." मी चहा तसाच ठेवला. घरी आल्यावर दादाला फोन लावायला हवा होता. लावला नाही. उद्या लावू म्हटलं, आणि त्या उद्याची गंमत अशी की तो कधीच आजचा होत नाही.

आता बीडला गाडी येते. गाव लोटलं होतं म्हणे बघायला. मी अजून गेलो नाही. कुणाच्या पाठीत गुद्दा घालायचा?

दादा शेतातच गेला. मोटार चालू करायला म्हणून गेला तो परत आला नाही, छातीत कळ आली म्हणाले. मला निरोप आला तेव्हा मी दुकानात होतो, हातात तांब्याची तार होती. ती खाली ठेवल्याचं आठवत नाही.

त्यानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या आल्या. दुःखाचं वर्ष म्हणून आरास नाही, हळदीकुंकू नाही, सण नेमापुरता. पण नेम म्हणजे नेम. वैनींचा निरोप आला, "भावजी, गाडी तेवढी मांडावी लागती. तुमी येऊन मांडून द्या." मी दुपारीच गेलो. फळी उचलून जागेवर ठेवली, डबे पुसले. दादानं मधल्या काळात एक नवा डबा केलेला दिसला, लहान लहान बाकडी होती आत. इतकी वर्षं उभ्याउभ्या बघून मला तो दिसलाच नव्हता. एलिमिनेटर लावला. गाडी गप्प. मग मी वाटणीनंतर पहिल्यांदा तिच्यासमोर खाली बसलो आणि फळी उलटी केली.

मोटार चांगली होती. ब्रश झिजलेले नव्हते, चाकांना तेल होतं. रुळाकडं जाणारी एक तार तेवढी काढून ठेवलेली होती. तुटलेली नाही, जळलेली नाही. नीट सोडवलेली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, फळीच्या आतल्या बाजूला दुमडलेली. कुणी उभ्यानं बघितलं तर दिसू नये अशी.

"वैनी, ही तार कुनी काढली?"

वैनी पुरण वाटत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठाव न्हाई?" म्हणाल्या. "ह्यांनीच की. दरसाल जेवणाच्या दिशी तुमी यायच्या आधी काढायचे. अन् लक्ष्म्या उठल्या की जोडायचे परत, मंग एकटेच चालवीत बसायचे. मागल्या साली तेवढी जोडायची ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

"कावून?"

"पहिल्या साली चालू गाडी बघून तुमी जेवले अन् उठून गेलते. ते लागलं ह्यांच्या जिवाला. म्हणले, चालू हाय तवर त्यो बसायचा न्हाई. बंद दिसली की त्येला राहवायचं न्हाई, बसल खाली. मी म्हणायची, सरळ बोलून टाका की. तर म्हणायचे, बसल गं, माझा भाऊ हाय त्यो."

त्या परत पुरणाकडं वळल्या. मी तारेची चिकटपट्टी सोडवायला घेतली. दादा दरवर्षी माझ्यासाठी जागा करून ठेवत होता, आणि मी दरवर्षी त्याच्या घरी पुरणपोळी खाऊन उभ्याउभ्या परत आलो.