जोडलेली पानं

काल नातीच्या नव्या पुस्तकाची दोन पानं कडेला जोडलेली निघाली. ती सोडवताना शाईचा वास आला आणि मी वरोऱ्याच्या वाचनालयात जाऊन पोचलो.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत मी तिथे ग्रंथपाल होतो. तेव्हा पुष्कळ पुस्तकांची पानं अशी जोडलेलीच यायची, पहिला वाचणारा ती कापायचा. नवी पुस्तकं आली की मी फळ्यावर लिहायचो, 'मी वाचलं, तुम्हीही वाचा.' माजरीच्या खाणीतले सोमाभाऊ फळा पाहूनच पुस्तक न्यायचे. एकदा धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी परत आणलं.

"पानं जोडूनच होती, भाऊ. मी ब्लेडनं कापली. एक जरासं फाटलं, माफ करजा."

चारचौघं ऐकत होती. माझं खोटं उघडं पडणार म्हणून मी चढ्या आवाजात म्हणालो, "नवंकोरं पुस्तक फाडून आणता?"

"चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

पुढेही ते येत राहिले. फळ्याकडे न बघता कपाटातून पुस्तक काढायचे आणि दरवेळी विचारायचे, "याची पानं सुटी हायेत ना, भाऊ?"

मी मान वर न करताच 'हो' म्हणायचो.