नसेल तर शून्य

माझ्या चुलतीच्या वस्तीला पाणी पोचलं नाही ते माझ्यामुळे. टँकरवाल्यामुळे नाही, दुष्काळामुळेही नाही. वर्षभर हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहितो. मूळ घर जतकडचं, मेंढरांचं. आई लवकर गेली, चुलतीनं वाढवलं. तिकडच्या वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा ते मी मागून घेतलं. आपल्या माणसांचं काम, म्हणून.

काम साधं होतं. प्रत्येक वस्तीचा एक मोबाईल नंबर, आणि त्या नंबरासमोर वस्तीची माहिती: रस्ता कुठला, माणसं किती, टाकी केवढी. अशा रचनेला आम्ही डिक्शनरी म्हणतो. नंबर ही किल्ली. किल्ली दिली की माहिती हातात येते. किल्ली काढून टाकली की तिच्याबरोबर सगळंच जातं. चुलतीकडे फोन नाही. तिच्या वस्तीसाठी चुलतभावाचा नंबर मी स्वतः घातला होता.

टँकर निघण्याआधी प्रत्येक नंबरावर निरोप जायचा. त्यातले बरेच पोचायचेच नाहीत. ठेकेदाराचा मुकादम एकदा फोनवर वैतागला.

"साहेब, ह्यातलं निम्मं नंबर मेल्यात. मेलेल्यास्नी निरोप धाडून काय वर्षश्राद्धाला बोलवायचंय व्हय?"

मी हसलो. म्हणालो, "काढून टाकतो."

नवशिके इथं एक चूक करतात. डिक्शनरी वाचत असतानाच तिच्यातून नोंदी काढत जातात, आणि मग बसलोय तीच फांदी तोडल्यासारखा प्रोग्रॅम कोसळतो. मी नवशिका नाही. ज्यांच्यावर निरोप पोचत नव्हते त्या किल्ल्या आधी वेगळ्या गोळा केल्या, मग काढल्या. पडद्यावर फक्त किती काढल्या तेवढं आलं. कुठल्या, ते बघावंसं वाटलं नाही.

याहून वाईट दुसरी गोष्ट. टँकरची फेरी ठरवताना वस्त्यांच्या यादीतला एखादा नंबर डिक्शनरीत सापडला नाही, तर प्रोग्रॅम अडतो, ओरडतो. ते ओरडणं मला नको होतं. मी लिहिलं: नसेल तर शून्य धर. शून्य पाणी, आणि पुढच्या वस्तीला चल.

मेंढके दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात आणि पावसाला परततात. रानात तळ टाकलेल्या माणसाला फोन चार्ज करायला कुठं मिळणार? तो बंद ठेवतो, बाजारादिवशी चालू करतो. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला हे माहीत नसतं तर मी समजून घेतलं असतं. मी तर लहानपणी त्या तळांवर निजलेला माणूस. बंद फोन म्हणजे मेलेला नंबर नव्हे, हे मला कळायलाच हवं होतं.

चुलतभाऊ मेंढरांमागं गेलेला. वस्तीवर चुलती एकटी, सोबत दोन लंगड्या मेंढ्या आणि थोडी कोकरं. टँकर यायचा थांबला, टाकी आटली. ती ओढ्याकडच्या विहिरीवर घागर घेऊन जाऊ लागली आणि एके दिवशी पायऱ्यांवरून घसरली. शेजारच्या वस्तीवरच्या बाईनं पाहिलं म्हणून वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

सांगलीच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "माझंच चुकलं रं."

"तुझं काय चुकलं?"

"त्या टँकरच्या ड्रायव्हरला लय बोलले मी. पाइप गळत हुता, निम्मं पानी रस्त्याला. म्हनलं, तुझ्या आईच्या डोक्यावर घागर दिल्याबिगर तुला कळायचं न्हाई. तवापासनं आलाच न्हाई बघ. राग धरला पोरानं."

"मला का नाही कळवलंस?"

"तू कामात. आन चूक माझी, तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन लॅपटॉप उघडला. चुलतभावाचा नंबर टाकला. तक्रार नाही, चूक नाही. नुसतं शून्य.

नोंद तिथंच बसून परत घातली. काढलेली किल्ली परत घातली तरी जुन्या जागी बसत नाही, सगळ्यांच्या शेवटी जाते. चुलतीला मात्र काही बोललो नाही. ती आमच्या घरी आली, आतल्या खोलीत कॉटवर पडून राहिली आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ड्रायव्हरची गोष्ट सांगत राहिली. "चालाय लागले की त्याला भाकरी खायाला बोलवते." बायको म्हणायची, केवढं मोठं मन! मी ताटावरून उठायचो.

हाड नीट जुळलं नाही. चुलतभावानं मेंढरं विकली आणि कुपवाडला कारखान्यात लागला. या उन्हाळ्यात मुकादमाचा फोन आला.

"साहेब, ती शेवटची वस्ती. कुलूप हाय तितं. टाकी भरून सांडतीया, कावळं आंघोळ करत्यात. काढा की ती."

मी "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. नोंद होती तोवर माझ्या लेखी वस्ती होती, चुलती कधीतरी परत जाणार होती. तीच किल्ली दुसऱ्यांदा काढायला हात धजेना. पण तिकडे पाणी सांडत होतं, आणि तो टँकर दुसऱ्या कुणाला तरी कमी पडत होता.

रविवारी सकाळी तिच्या कॉटवर टेकलो.

"काकू, ड्रायव्हरनं राग धरला नव्हता. त्याला कुणी तुझ्याकडं पाठवलंच नाही. तुझी वस्ती मी काढून टाकली होती. न बघता."

तिनं पंख्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

"म्हंजी त्यो येनार हुता?"

"येणार होता."

"आन मी वरीसभर त्या लेकराला रागीट म्हनत बसले."

तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मग मी सांडणाऱ्या टाकीचं सांगितलं. तशी ती कोपरावर उठायला गेली.

"माझी टाकी सांडतीया, आन खालच्या वस्तीवरच्या बाया घागरी घिऊन हिंडत असत्याल. काढ की!"

"काढली तर तुझी वस्ती..."

"मी आता जात न्हाई, बाळा. मला ठावं हाय. तूच येडा हायस." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "पर ह्या वक्ताला बघून काढ."

लॅपटॉप तिच्याजवळच आणला. नंबर टाकला, आणि जे आलं ते तिला वाचून दाखवलं: वस्तीचं नाव, कुठल्या रस्त्यानं वळायचं, टाकी केवढी, माणसं एक. 'माणसं एक' ऐकल्यावर तिनं डोळे मिटले. मी नोंद काढली. 'नसेल तर शून्य' ही ओळही काढली. मग तोच नंबर पुन्हा विचारला. प्रोग्रॅम अडला, लाल अक्षरं आली.

"काय म्हनतंय?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"न्हाई म्हनतंय, काकू."

"व्हय," ती म्हणाली. "न्हाईच."