शिंगावरचा अंगठा

सरस लावायचा दिवस आला की आमचा धनुष्यवाला भलताच खडूस व्हायचा. म्हशीचं तासलेलं शिंग सरसानं लाकडाला चिकटवायचं, म्हणून आधी राखेनं हात धुवायचे आणि मग घरादाराला दम द्यायचा, "शिंगाला बोट लावाल तर खबरदार! अंगाचं तेल लागलं की जोड सुटतो." बायको त्या खोलीकडे फिरकायचीही नाही. पुढे वर्षभर ते धनुष्य वाळवायचं. आणि बाण किती लांब जातो हे बघायचं कुणी, तर त्याच्या धाकट्या बहिणीनं. त्याचा खांदा केव्हाच कामातून गेला होता. त्याची सगळी धनुष्यं तीच ओढायची.

त्या दिवशी लांब पल्ल्याच्या चाचणीला माळावर बरीच मंडळी जमली होती. बहिणीनं दोरी कानापर्यंत ओढली आणि काडकन आवाज झाला! धनुष्य फुटलं, एक तुकडा तिच्या गालावर बसला. गाल बघायचा सोडून हा पठ्ठ्या ओरडला, "किती ओढायचं याची अक्कल नको? वर्षाची मेहनत मातीत घातलीस!" तेही चारचौघांत. ती बिचारी गाल धरून उभी राहिली.

मग त्यानं तुकडा उचलला. शिंग लाकडापासून सुटलं होतं आणि एका जागी सरस धरलाच नव्हता. तिथं अंगठा उमटला होता, मधोमध आडवा व्रण असलेला. कानशीनं कापलेला त्याचाच अंगठा! तुकडा गुपचूप खिशात गेला.

संध्याकाळी तो बहिणीच्या घरी गेला. तिचा गाल टम्म सुजला होता. त्यानं तुकडा टेबलावर ठेवला. नजर वर करवेना.

"चूक माझी होती गं."

"माहितीये, दादा. खिशात घातलास तेव्हाच बघितलं मी. म्हटलं, आता सांगेल, मग सांगेल."

"लाज वाटली. सगळे होते ना."

"माझ्यावर ओरडलास तेव्हाही सगळे होतेच की."

मेल्याहून मेल्यासारखं होऊन तो घरी परतला.

सकाळी पुन्हा चाचणीला तीच मंडळी माळावर होती. त्यानं तुकडा पहिल्याच्या हातात दिला आणि अंगठा पुढे केला. "जुळवून बघा. तिचं काही चुकलं नव्हतं." तुकडा हातोहात फिरला. मंडळी मोठ्या मनाची. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, होतं असं कधीकधी.

त्यानं दुसरं धनुष्य आणलं होतं, दोरीही चढवून ठेवली होती. ओढणारी मात्र आलीच नव्हती.