गोगलगायींचं एकमेव गिऱ्हाईक

गोगलगायींना भाव देणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. हे आमचे आतोबा. देवळाली प्रवऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात मळी आंबवून स्पिरिट काढत, तिथे ते केमिस्ट होते. आंबवायला यीस्ट लागतं. बाकीचे ते टाकीत सोडून विसरून जात, आतोबा मात्र त्याच्या सोयरिकी जुळवत बसत. तांबड्या वाणाचं पांढऱ्याशी लग्न लावायचं आणि मग त्या जोडप्याला चक्क उपाशी ठेवायचं. उपास पडला की यीस्ट आईबापांकडून आलेले गुण पत्त्यांसारखे पिसतं आणि एका इवल्याशा पिशवीत चार बीजं बांधून ठेवतं. "आपण वाटणीला बसलो की डोकी फुटतात. हे बघ, उपाशीपोटी वाटणी, आणि तंटा नाही," असं ते कौतुकाने सांगत. त्या पिशवीचं कवच विरघळवायला गोगलगायीच्या पोटातला रस लागे. आता कळलं ना?

पावसाळ्यात शेजारचे ऊसवाले दगडूनाना बांधावरच्या गोगलगायी पाटीभर आणून देत. तेवढे दिवस आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी. "माझ्या भांड्यांना हात लावाल तर याद राखा." मग आतोबा आचेवर काच ओढून स्वतः केलेली सुई घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली चारही बीजं एकेक करून अलग मांडत. त्या वेळी घरात कुणी चालायचं नाही, खलबत्ता वाजवायचा नाही. रस्त्याने उसाची गाडी गेली की सुई थरथरे आणि आतोबा बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत.

या वेडाच्या मुळाशी एक दुखणं होतं. बीजं बशीत वाढवली की चारांत दोन तांबडी, दोन पांढरी निघावीत, असा साधारण नियम. पुण्यात डॉक्टरेट करताना आतोबांना एकदा तीन तांबडी आणि एकच पांढरं मिळालं. ते नाचत गाईडकडे गेले. गाईड म्हणाले, "दुसऱ्या पिशवीतलं बीज मिसळलंत. हात हलला तुमचा." आतोबांनी त्याच आठवड्यात पुणं सोडलं. पुढे त्यांनी वाचलं, की पिसताना एखादा गुण जोडीदाराची नक्कल उचलतो आणि क्वचित तीनास एक असं खरंच घडतं. पण म्हणून आपला हात हलला नव्हता असं थोडंच ठरतं? तशी चौकडी पुन्हा स्वतःच्या हाताखाली निघायला हवी होती.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. बांध करपले, गोगलगायी जमिनीत गडप झाल्या, रसाची बाटली संपली. भंडारदऱ्याच्या डोंगरात तरी ओल असेल, म्हणून आतोबा मला घेऊन एसटीने निघाले, आणि निघताना नेमका आत्याचा फराळाचा डबा उचलला. परतीच्या वाटेत भरलेल्या डब्याचं झाकण सुटलं. घटकाभरात गोगलगायी खिडक्यांच्या गजांवर चढल्या. "सायेब, ह्यांची तिकिटं कोन काढनार?" कंडक्टरने विचारलं. आतोबा उतारूंना विनवत होते, "हळू काढा हो, पोट दाबू नका."

त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून गाड्या नव्हत्या आणि रस्ता गप्प होता. आतोबांनी महिनाभर सुट्टीचे सगळे दिवस सुईपाशी काढले. एका सकाळी बशीत चार ठिपके उगवलेले दिसले, तीन तांबडे, एक पांढरा. बाकीचे गुण त्यांनी तपासले, तर ते शिस्तीत दोन-दोन वाटले गेले होते. परकं बीज मिसळलं असतं तर तिथेही घोळ झाला असता.

"कळवा की पुण्याला," आत्या म्हणाली.

"कुणाला कळवू? गाईड गेल्या वर्षीच वारले."

मग बशी घेऊन ते अंगणात गेले. दगडूनाना कुंपणापाशी उभे होते. आतोबांनी त्यांना पुण्यापासून सगळं सांगितलं. नानांनी बशी उन्हात धरून पाहिली.

"म्हंजी तवा तुमी चुकला नव्हता."

"नाही."

"लई दिस मनाला लागून हुतं म्हनायचं."

आतोबांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी नानांच्या हातातल्या त्या तांबड्या ठिपक्यांकडे बघत राहिलो.